'स्ट्रू' या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ काय आणि ते आलं कुठून?

'स्ट्रू' म्हणजे विखरणे, इतस्ततः पसरणे. वाटेवर फुलं अंथरली किंवा खोलीभर कपडे पडले, दोन्हीला चालतं. वाचनात बहुतेकदा 'स्ट्रून' म्हणजे 'विखुरलेलं' हे रूप भेटतं.

शब्द जुन्या इंग्रजीतला. गवताची काडी या अर्थाचा 'स्ट्रॉ' त्याचाच भाऊबंद: जमिनीवर पसरतात तो पेंढा. मध्ययुगीन इंग्लंडात घरातल्या जमिनीवर लव्हाळे पसरायचे, त्यालाही हेच क्रियापद.

मला खरा आनंद होतो तो पुढच्या नात्याचा. संस्कृत 'स्तृ' धातू याच कुळातला. ऋग्वेदात यज्ञासाठी दर्भ अंथरतात ते याच धातूने सांगितलंय, आणि आपला रोजचा 'विस्तार' त्यातूनच आला. लॅटिनमार्गे आलेला 'स्ट्रीट'ही याच घरातला, मुळात फरसबंदी अंथरलेला रस्ता.