एफचा बार कॉर्ड स्वच्छ का वाजत नाही?

प्रश्न : गिटारवर साधे कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वर) जमतात, मात्र एफचा बार कॉर्ड, म्हणजे तर्जनी सगळ्या तारांवर आडवी टेकवून धरायचा कॉर्ड, धरला की तारा दबक्या वाजतात आणि अंगठा दुखतो. बोटांत ताकद कमी आहे का?

उत्तर : ताकदीपेक्षा बोट कसे टेकते, हे महत्त्वाचे आहे. तर्जनी सहाही तारांवर आडवी असली, तरी तिला प्रत्यक्षात पहिली, दुसरी आणि सहावी एवढ्याच तारा दाबायच्या असतात, कारण मधल्या तिन्ही तारा उरलेली बोटे सांभाळतात. म्हणून तर्जनी किंचित कलती करून तिची हाडाची कड फ्रेटच्या (गिटारच्या मानेवरील धातूच्या आडव्या पट्टीच्या) लगत टेकवावी. एखादी तार सांध्याच्या खाचेत अडकत असेल, तर बोट थोडे वर-खाली सरकवावे. अंगठ्याने आवळू नये. हा कॉर्ड नटजवळ, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्याजवळ, धरतात आणि तिथे तारा अधिक ताठ लागतात, त्यामुळे हाच आकार आधी 5व्या फ्रेटवर घोटावा. मनगट दुखू लागल्यास मात्र लगेच थांबावे.