ऑक्टाव्हिया आरएसला वॉल्ब्रो २५५ पंप घरच्या घरी बसवता येईल का?

तुम्ही लिहिलंय की गाडी २००५ ची, १.८ टर्बो, मोठा टर्बो बसवून झालाय, वॉल्ब्रो कंपनीचा, तासाला २५५ लिटर पेट्रोल ढकलणारा पंप आणून ठेवलाय. तर रविवारी घरीच बसवू का आणि किती वेळ लागेल.

बसवा. दोन तास धरा. मागची सीट उचलली की काळं गोल झाकण, तीन स्क्रू, खाली टाकीचं तोंड. ज्याने टर्बो बदललाय त्याला याहून जास्त सांगायची गरज नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. टाकीच्या आत, पंपाच्या डोक्यापासून वरच्या तोंडापर्यंत जो वीतभर होस लागतो, तो कुठला आणलाय?

बहुतेक कुठलाच आणलेला नसणार. किटमधला आखूड पडेल, रविवारी दुपारचे दोन वाजलेले असतील, आणि तुम्ही चौकातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन ‘पेट्रोलचा पाइप द्या’ म्हणाल. मी असाच आणला होता. ८० रुपये.

ही गोष्ट २०१८ ची. गाडी तुमचीच, रंग पिवळा. ऑगस्टमध्ये पंप टाकला, रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरची नवी सेटिंग) झाला, चार महिने गाडी अशी पळाली की मी लोकांना घरी बोलावून चहा पाजून चक्कर मारायला न्यायचो. डिसेंबरात पुण्याहून कोल्हापूरला निघालो, शेजारी आतेभाऊ. पहाटे साडेपाचला खंबाटकी लागला. तेव्हा येताना बोगदा होता, जाताना घाट चढावाच लागायचा. रस्ता मोकळा, हवा थंड, पुढे एकही ट्रक नाही. तिसरा गिअर, पाय तळाला.

एअर-फ्यूएलचं गेज (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारं, आकडा चढला की पेट्रोल कमी) मी डॅशबोर्डच्या डाव्या टोकाला लावलं होतं, म्हणजे ते माझ्यापेक्षा त्यालाच नीट दिसायचं. बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, १.२ बारला गेला की तिथे साडेअकराच्या आसपास आकडा हवा. आतेभाऊ हाउजीचे आकडे पुकारावेत तसा वाचायला लागला. ‘बारा. बारा पॉइंट सहा. तेरा. अरे, तेरा पॉइंट पाच...’ मी ऐकत होतो आणि तरी पाय काढला नाही, कारण गाडी ओढत होती. लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडलेली, गाडी शेवटच्या क्षणापर्यंत छान ओढते, ही त्यातली हरामखोरी. मग बॉनेटखालून फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज आला. पाय काढला तेव्हा गेजवर १४.१ होतं. सगळं मिळून तीनेक सेकंद.

कोल्हापूरपर्यंत ऐंशीच्या वर गेलो नाही. दुसऱ्या दिवशी कम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते, बघितलं. बाकीचे तीन सिलिंडर ११ बारच्या आसपास, तिसरा ६. हेड काढलं, पिस्टन काढले. तिसऱ्या पिस्टनची दोन रिंगांमधली कड तुटून गेली होती. ८० रुपयांच्या होसने एक लाख चाळीस हजार खाल्ले.

टाकी उघडल्यावर होस हातात घेतला तर बोटांना काळं लागलं. रबर फुगून जाडीला जवळपास दीडपट, दाबलं तर ओल्या खोडरबरासारखं मऊ, आणि क्लॅम्पच्या अगदी वर दोन इंचांची चीर. पंप बिचारा पूर्ण ताकदीने पेट्रोल ढकलत होता आणि ते त्या चिरेतून परत टाकीतच पडत होतं. हळू चालवताना काही कळत नाही, कारण तेव्हा इंजिनला लागतंच किती! बूस्टमध्ये मात्र पेट्रोलचा दाब सांभाळणारा रेग्युलेटर मॅनिफोल्डच्या (इंजिनात जाणाऱ्या हवेच्या) दाबाइतकं प्रेशर वाढवायला बघतो, ३ बारचं ४.२ व्हायला पाहिजे, आणि नेमकी तेव्हाच चीर उघडते.

साधा पेट्रोलचा होस आतून पेट्रोल आणि बाहेरून हवा असं धरून केलेला असतो. बाहेरचं रबर पेट्रोलमध्ये बुडवून ठेवायचं नसतंच. टाकीत बुडवायच्या होसवर ‘एसएई जे३०आर१०’ असं छापलेलं असतं. आर६, आर७, आर९ चालत नाही, दुकानदार आईची शपथ घेऊन सांगू दे. आर१० च्या वीतभर तुकड्याचे पैसे ऐकून भांडावंसं वाटेल. भांडू नका, घ्या. माझ्या वेळी पेट्रोलमधलं इथेनॉल १० टक्क्यांच्याही आत होतं. आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल, आहे आणि जुन्या रबराला ते आणखी जड जातं. शिवाय ई२० ला त्याच पॉवरसाठी पेट्रोलही थोडं जास्त सोडावं लागतं, तेव्हा जुन्या रिमॅपवर विसंबू नका.

आता आतेभाऊ. तो शिरोली एमआयडीसीत इलेक्ट्रिकलचं काम करतो, त्यामुळे जगातला प्रत्येक बिघाड वायरिंगचा असतो. त्याचं म्हणणं, होस बिस काही नाही, तू रिले (पंपाला बॅटरीवरून थेट वीज देणारा स्विच) टाकला नाहीस म्हणून इंजिन गेलं. कंपनीची वायर बारीक, जुन्या पंपापुरती. वॉल्ब्रो प्रेशरखाली ८-१० अँपिअर ओढतो. त्याने नंतर मीटर लावून दाखवलंही: बॅटरीला १३.८, पंपाच्या कनेक्टरला ११.३. व्होल्टेज पडलं की पंपाचा फ्लो पडतो, हे मला मान्य आहे. पण मग गाडी पहिल्या दिवसापासून लीन व्हायला हवी होती ना? रिमॅप करताना त्याच वायरवर, त्याच बूस्टला साडेअकरा येत होतं. चार महिन्यांत वायर बारीक झाली का? चार महिन्यांत सडला तो होस. इतकं सरळ आहे. तरी गेली कित्येक वर्षं प्रत्येक बारशाला आणि जावळाला हा माणूस पाहुण्यांसमोर ‘रिले’ म्हणून हसतो. मी तो होस लोणच्याच्या बरणीत ठेवलाय, पुरावा म्हणून. आत्याने बरणी परत मागितली होती, दिली नाही.

तुम्ही मात्र रिले टाका. बॅटरीवरून जाड वायर, बॅटरीजवळच फ्यूज, आणि पंपाची जुनी वायर फक्त रिले चालू करायला वापरा. अर्थिंगही नवीन, रंग खरवडून थेट बॉडीला. हे मी नंतर केलं. त्याला सांगितलेलं नाही.

खरं तर आधी विचारायला हवं होतं की तुम्हाला २५५ लागतो का. टर्बो पेट्रोल इंजिनाला एका हॉर्सपॉवरमागे तासाला पाव किलोहून थोडं जास्त पेट्रोल लागतं. २५० हॉर्सपॉवर धरली तर तासाला ९० लिटरच्या आसपास. २५५ हा आकडा ४० पीएसआय दाबाच्या जवळपासचा आहे, दाब वाढला की तो उतरतो, तरी तुम्हाला भरपूर होतो. नुसत्या रिमॅपवाल्या गाडीत हा पंप टाकणं म्हणजे चार माणसांच्या घरात लग्नाचं पातेलं. तुमचा टर्बो मोठा आणि मूळ पंप वीस वर्षांचा, तेव्हा तुमचं ठीक आहे. पण आधी रेलवर (इंजेक्टरांना पेट्रोल देणाऱ्या नळीवर) गेज लावून जुन्या पंपाचं प्रेशर बूस्टमध्ये बघा. नवा टाकल्यावर पुन्हा बघा, आयडलला सुद्धा. कधी कधी मोठ्या पंपाचं जास्तीचं पेट्रोल रेग्युलेटरला परत पाठवता येत नाही आणि तिथेच प्रेशर चढतं. आणि पंप खरा आहे ना? वॉल्ब्रोच्या नकला बाजारात ढिगाने आहेत. स्वस्त मिळाला असेल तर परत करा. टीएसआयवाल्यांनी (नंतरच्या टर्बो पेट्रोल इंजिनवाल्यांनी) हे वाचू नये, त्यांना इंजिनावर हाय प्रेशर पंप वेगळा असतो.

आणि हो, टाकी पाव भागाच्या खाली असतानाच उघडा. बॅटरीची निगेटिव्ह काढा, पण त्याआधी २८ नंबरचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे लाइनमधलं प्रेशर उतरतं. बंद गॅरेजमध्ये करू नका, वायरचा बल्ब आत नेऊ नका, आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवा. हे वर लिहायला हवं होतं. टाकीच्या तोंडाची रबरी रिंग एकदा निघाली की फुगते आणि परत बसत नाही, नवीन आणूनच ठेवा. कायद्याचं म्हणाल तर २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने कंपनीच्या मूळ रचनेत बदल करण्याविरुद्ध निकाल दिलाय. आरटीओ आणि इन्शुरन्सचं काय करायचं ते टर्बो टाकतानाच ठरवलं असेल.

होस आणलात की त्यावरच्या छापाचा फोटो इथे टाका. संक्रांतीला आतेभाऊ यायचाय, त्याला दाखवायचा आहे.