नफा दिसतो, मग पगाराला पैसे का नाहीत?

"अकाउंटंट बदलायचाय," खुर्चीत टेकायच्या आधीच ते म्हणाले. यंत्रांचे सुटे भाग बनवून कारखान्यांना पुरवण्याचा व्यवसाय. सलग दुसऱ्या वर्षी नफा, ऑर्डरी दुप्पट, आणि पगाराच्या तारखेला खात्यात खडखडाट. कुणीतरी पैसे खातंय, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. बोलता बोलता तीनदा त्यांनी मोबाइलवर बँकेतली शिल्लक पाहिली.

हा संशय घेऊन बरेच जण येतात. चोरी क्वचितच निघते.

मी त्यांच्याकडून एकच जुनं बिल मागितलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर तारखा लिहायला लावल्या. कच्चा माल आला तो पहिला दिवस. 30व्या दिवशी माल तयार होऊन गेला, बिल फाडलं, आणि त्याच दिवशी पुरवठादाराचे पैसे चुकते केले. गिऱ्हाइकाचे पैसे जमा झाले 90व्या दिवशी. मधले 60 दिवस गाडा स्वतःच्या खिशातून. खर्च 80, विक्री 100, म्हणजे 20 नफा. तो बिल फाडलं त्याच दिवशी वहीत चढला. त्या दिवशी हातात दमडी आली नव्हती, उलट गेली होती.

"पण ऑर्डरी दुप्पट झाल्यात ना!"

"म्हणूनच. अडकलेला पैसाही दुप्पट झाला."

ते बराच वेळ त्या तारखांकडे बघत बसले.

त्यात नव्या मशीनच्या कर्जाचा हप्ता. नफा-तोटा पत्रकात व्याज आणि घसारा (वापराने मशीनची घटणारी किंमत) दिसतो. हप्त्यातलं मुद्दल तिथे कुठेच नसतं. खात्यातून मात्र ते दर महिन्याला जातं.

"हे अकाउंटंटनं मला सांगायला नको?"

मी पान उलटलं. ताळेबंदात येण्यांचा, म्हणजे गिऱ्हाइकांकडून यायच्या पैशांचा, आकडा वर्षभराच्या नफ्याहून मोठा होता. अकाउंटंटने त्याखाली पेन्सिलीने रेघही मारली होती. साहेब नफ्याच्या ओळीपाशीच थांबत आले होते. (बहुतेक जण तिथेच थांबतात, ती ओळ वाचायला गोड असते.)

मग पुढच्या 13 आठवड्यांचा तक्ता मांडला: बिल कधीचं ते सोडून द्या, पैसे खरोखर कधी येणार आणि कधी जाणार तेवढंच लिहा. सहाव्या आठवड्यात शिल्लक शून्याखाली गेली. म्हणजे हातात पाच आठवडे होते.

त्यांनी तिथूनच अकाउंटंटला फोन लावला. मला वाटलं, आता माफी मागतील.

"ऐका," ते म्हणाले, "सगळ्यात जुनी उधारी कुणाकडे थकलीय?"