कॅसिनोत जुगाऱ्यांना मिळणारी खोली, जेवण, दारू खरंच फुकट असते का?

नाही, त्याची किंमत तुमच्याच खेळातून आधीच धरलेली असते. तुम्ही प्रत्यक्षात किती हरलात यापेक्षा गणिताने किती हरायला हवं होतं, यावर कॅसिनो हा हिशेब करतो: सरासरी पैज, तासाला होणारे डाव, खेळलेले तास आणि त्या खेळातला कॅसिनोचा टक्का (म्हणजे पैजेतला सरासरी किती हिस्सा कॅसिनोकडे राहतो तो), या चारांचा गुणाकार. मेंबरशिप कार्ड मशीनमध्ये घालायला किंवा टेबलावर दाखवायला सांगतात ते याच नोंदीसाठी.

उदाहरणार्थ, रूलेट या फिरत्या चाकाच्या खेळात, चाकावर दोन शून्यं असलेल्या अमेरिकन प्रकारावर कॅसिनोचा टक्का 5.26 असतो. दर फेरीला 25 डॉलर, तासाला 40 फेऱ्या, असे चार तास खेळलात तर एकूण पैज 4,000 डॉलरची होते आणि अपेक्षित तोटा सुमारे 210 डॉलरचा. त्यातलाच काही भाग जेवण किंवा खोलीच्या रूपात परत येतो. म्हणून त्या रात्री तुम्ही जिंकलात तरी सवलत मिळू शकते. टेबलावर येणाऱ्या दारूचा तर दुहेरी फायदा कॅसिनोला: माणूस उठत नाही आणि पैज वाढवताना फार विचारही करत नाही.

मात्र तुम्ही ठरवलेल्या रकमेत आणि ठरवलेल्या वेळेतच खेळणार असाल, तर मिळेल ते जरूर घ्या. तेवढा तोटा कमी होतो. पण पुढच्या दर्जाची खोली मिळावी म्हणून आणखी तासभर बसणं म्हणजे तीच खोली महागात विकत घेणं.