यातली खरी मी कुठली?

"मॅडम, आमची मुलगी आधी अशी नव्हती हो." समुपदेशक म्हणून हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता पुढचं मीच सांगू शकते. घरात घुमी, मैत्रिणीचा फोन आला की खिदळणं, आणि शाळेत बाई म्हणणार किती समजूतदार आहे. या आईचा प्रश्न सरळच होता, "आमच्यासमोर नाटक करते का ती?"

मुलगी 14 वर्षांची. सुरुवातीला नुसती जॅकेटची चेन वर-खाली करत बसायची, उत्तर एकच, "माहीत नाही." मग मी कोरा कागद दिला, म्हटलं घरात, मैत्रिणींत, वर्गात तू कशी असतेस ते लिही. भराभर लिहिलं तिने, आणि मग मी न सांगताच 'बडबडी' आणि 'घुमी' यांच्यामध्ये रेघ मारली, इतकी दाबून की कागद फाटला. "यातली खरी कुठली तेच कळत नाही मला. आई म्हणते नाटकी आहे, असेन पण."

म्हणजे आईचा प्रश्न पोरगी स्वतःलाच विचारत होती! मानसशास्त्रज्ञ सुझन हार्टर यांनी सातवी, नववी, अकरावीच्या मुलांकडून साधारण असंच लिहून घेतलं होतं, त्यात ही विसंगती सगळ्यात जास्त टोचली ती नववीतल्यांना. लहानांना ती फारशी जाणवत नाही, मोठ्यांना जुळवून घेता येते. स्वतःची ओळख टप्प्याटप्प्यानेच होते. दीड-दोन वर्षांचं मूल आरशात नाकावरचा डाग बघून स्वतःच्या नाकाला हात लावतं, चौथ्या वर्षी "मी जोरात पळतो" म्हणतं, आठव्या वर्षी "मी त्याच्यापेक्षा जोरात पळतो". चौदाव्या वर्षी मात्र आपणच आपल्याला परके वाटायला लागतो. मी एरिकसनवाली, म्हणजे 'मी कोण' हा प्रश्न या वयात पडणारच असं म्हणणाऱ्या मानसशास्त्रज्ञ एरिक एरिकसन यांना मानणारी, त्यामुळे मला हा गोंधळ कामाचाच वाटतो, न गोंधळता आईबाबांनी दिलेली ओळख गुपचूप घालून फिरणाऱ्या मुलांची काळजी मला जास्त वाटते.

पोरीला विचारूनच कागद आईला दाखवला. बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, "मी तरी ऑफिसात कुठे घरच्यासारखी असते?" हे मी सांगितलं असतं तर पटलं नसतं, म्हणून मी गप्प होते, आणि ते बरंच झालं.

मग सांगितलं, 'नाटकी' शब्द आजपासून बंद, आणि ती बोलायला आली की लगेच सल्ला नको. त्यांना ते फार जड गेलं. पण मैत्रिणीशी झालेलं भांडण पोरीने आपणहून सांगितलं, अर्ध्यावर उठून गेली तो भाग वेगळा.

पण मूल मैत्रिणींतही गप्प झालं, झोप-जेवण बिघडलं, जगणं नको असं काही बोललं, तर ते वयाच्या खात्यात टाकू नका, लगेच डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा.