भूशास्त्र घेऊ की रसायनशास्त्र?

प्रश्न : मी सोलापुरात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. आमच्या वस्तीच्या वरच्या अंगाला दगडखाण आणि खडी क्रशर आहे. हल्ली विहिरीचं पाणी गढूळ येतं. मला याच विषयात काम करायचं आहे. मुख्य विषय कोणता घेऊ? वडील म्हणतात, यात नोकरी नाही, तलाठी भरतीला बस. – एक विद्यार्थिनी, दक्षिण सोलापूर

उत्तर : भूशास्त्र मुख्य घे, रसायनशास्त्र जोडीला ठेव. पाण्यात काय आहे ते प्रयोगशाळा सांगेल. ते आलं कुठून, हे खडक कळल्याशिवाय सांगता येत नाही.

आपला सोलापूर जिल्हा काळ्या कातळाचा. पाणी मुरतं आणि साठतं ते मुरमात अन् कातळाच्या भेगांत. खाणीसाठी मुरूम काढला की गाळणीच गेली; खड्ड्यात साठलेलं पावसाचं पाणी थेट भेगांत उतरतं. सुरुंगाच्या दारूत बहुधा अमोनियम नायट्रेट असतं. न पेटता राहिलेलं पावसात विरघळतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे.

पण नायट्रेट उसाच्या युरियातूनही येतं, गोठ्यातून आणि शोषखड्ड्यातूनही. नुसता एक रिपोर्ट दाखवलास तर क्रशरवाला युरियाकडे बोट दाखवेल, आणि त्याला खोटं ठरवता येणार नाही. म्हणून खाणीच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही अंगांच्या विहिरी तपासायच्या, पावसाळ्याआधी आणि नंतर. क्लोराइडही मोजायचा : शेणामुतातल्या नायट्रेटबरोबर तो वाढतो, सुरुंगाच्या नायट्रेटबरोबर सहसा नाही. मेघालयातल्या कोळसा खाणींचं आम्लयुक्त पाणी किंवा छोट्या सोन्याच्या खाणींतला पारा यांबद्दल वाचशील, ते आपल्या कातळाला लावू नकोस.

आता वडिलांसाठी. विद्यापीठाच्या भूशास्त्र संकुलातून एम.एस्सी. झाली की यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा देता येते. त्यातूनच केंद्रीय भूजल मंडळाला शास्त्रज्ञ मिळतात. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. 2012 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पाच हेक्टरांखालच्या खाणींनाही पर्यावरण मंजुरी लागू झाली, त्यामुळे खासगी सल्लागारांकडेही काम आहे. मात्र सरकारी भरती दरवर्षी भरपूर निघते असं नाही, हे त्यांना स्पष्ट सांग. तलाठी परीक्षेला कोणतीही पदवी चालते, तो रस्ता भूशास्त्राने बंद होत नाही. शिवाय अवैध उत्खननाचा पंचनामा करायला तलाठ्यालाच जावं लागतं.

विहिरीचा नमुना आत्ताच तपासून घे. स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळ, काठोकाठ भर, बर्फात ठेवून लवकरात लवकर प्रयोगशाळेत दे. रिपोर्ट येईपर्यंत ते पाणी कुणी पिऊ नका. घरात तान्हं बाळ असेल तर त्याच्या दुधात ते मुळीच नको. उकळून नायट्रेट जात नाही, पाणी आटल्यामुळे उलट त्याचं प्रमाण वाढतं.