नेब्युलायझरमधून फ्लूचं औषध?

प्रश्न : सासऱ्यांना जुना दमा आहे. पावसाळ्यात ताप-खोकला ठरलेलाच. फ्लूवर ओढायचं औषध आहे असं ऐकलं. घरी नेब्युलायझर आहेच, त्यातून देता येईल का? थेट फुप्फुसात गेलं तर गोळीपेक्षा लवकर गुण येईल ना? – एक वाचक, गुहागर

उत्तर : नेब्युलायझरमधून मुळीच नको. हे औषध, झनामिविर, कोरडी पूड असते आणि तिच्यात लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर मिसळलेली असते. २००९च्या साथीत ही पूड पाण्यात विरघळवून व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णाला दिली गेली. लॅक्टोजने यंत्र तुंबलं आणि रुग्ण दगावला. पूड तिच्याच उपकरणातून ओढायची असते : ५ मिलिग्रॅमचे दोन झुरके, दिवसातून दोनदा, पाच दिवस. पण दमेकऱ्याला तीही देत नाहीत, श्वासनलिका आवळून जीव घाबरा होऊ शकतो. दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी असेल तरी वर्ज्य.

आता ‘लवकर गुण’. चाचण्यांत निम्म्या लोकांना औषध, उरलेल्यांना तशाच उपकरणातून नुसती लॅक्टोजची पूड. कोणाला काय मिळालं ते रुग्णालाही ठाऊक नसतं, डॉक्टरलाही. मोजायचं ते लक्षणं किती तासांत उतरली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या ४५५ जणांच्या चाचणीत दीड दिवस वाचला. पुढे सगळ्या चाचण्या एकत्र तपासल्यावर मोठ्या माणसांत फरक उरला सुमारे १४ तासांचा. लॅनिनामिविर हे ओढायचं दुसरं औषध तर एकदाच घ्यायचं, जपानमध्ये २०१० पासून मिळतं. पण २०१४च्या आंतरराष्ट्रीय चाचणीत विषाणू घटले तरी लक्षणं नुसत्या पुडीपेक्षा लवकर गेली नाहीत. विषाणू कमी दिसले म्हणून माणूस लवकर उठून बसतोच असं नाही.

सासऱ्यांसाठी डॉक्टर बहुधा ओसेल्टामिविरची गोळी देतील. तीही पहिल्या ४८ तासांत सुरू व्हावी, म्हणून तापाच्या पहिल्याच दिवशी दाखवा. ते लावणीला चिखलात उतरले असतील तर तेही सांगा. आपल्याकडे जुलै-ऑगस्टचा प्रत्येक ताप फ्लू नसतो. लेप्टो (उंदरांच्या लघवीने दूषित चिखल-पाण्यातून होणारा जिवाणूंचा ताप) असेल तर फ्लूच्या औषधाचा काडीचा उपयोग नाही.

प्रश्न : ताप येऊन चार दिवस झाले, आता ओढायचं औषध आणू का? – एक वाचक, देवगड

उत्तर : नको, पहिले ४८ तास उलटून गेले. पण दम लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला असेल, तर आजच रुग्णालय गाठा. न्यूमोनियाची शक्यता असते.